न दिसणाऱ्या उजेडासाठी बारा अळ्या

“बाई किडे पाळायले नेऊन राहिल्या मुंबईले. बारा पाह्यजे फक्त.”

हे माझ्याबद्दल होतं, पण मला ऐकवण्यासाठी नव्हतं. रामटेके गुरुजी हे डोमाजींना सांगत होते. मी दहा पावलं मागे, मोहाच्या झाडाखाली, थर्मास मांडीवर धरून बसले होते. थर्मासमध्ये बर्फ होता आणि पिशवीत एका सपाट डबीत चिमटा, बारीक कात्री आणि ब्लेड.

डोमाजी रेशमाच्या अळ्या पाळणारे; उंच, वाळलेले, साठीच्या आसपासचे. खांद्यावर गोफण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं.

“तिकडं ऐन हाय का?” त्यांनी विचारलं.

“हाय ना!” गुरुजी म्हणाले. “मोठा बगीचाच लावला म्हणते.”

मग दोघंही माझ्याकडे पाहू लागले आणि मी मान हलवली. होकाराची.

आमच्या प्रयोगशाळेच्या आवारात एक गुलमोहर आहे आणि दोन अशोक. या अळ्या ज्याचा पाला खातात ते ऐनाचं झाड मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं.

परत आले तेव्हा थर्मास रिकामा होता, हे माझ्या ओळखीच्यांना माहीत आहे. का, ते मी कोणालाच नीट सांगितलेलं नाही. भंडाऱ्याकडे तसं कोणी हौसेने जात नाही, त्यामुळे तिकडचं थोडं लिहावं असंही वाटतं. पण खरं सांगायचं तर मला स्वतःलाच तिथे काय झालं ते अजून पुरतं उमगलेलं नाही.

जवाहरनगर, शनिवार

मी प्रथिनांवर संशोधन करते. प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी, आणि ती कशी दुमडली आहे यावर तिचं सगळं वागणं ठरतं. रेशीम हेही प्रथिनच. सुतात ते कसं दुमडलेलं असतं ते बरंच माहीत आहे. पण अळीच्या पोटात तेच रेशीम पातळ असतं, मधासारखं. तोंडातून बाहेर येता येता त्याचा धागा होतो. धागा होण्याच्या अगदी आधी ते कसं असतं, हा माझा प्रश्न.

तो पाहायला साधा दिवा पुरत नाही. अतिनील प्रकाश लागतो, आणि तोही फार पलीकडचा, जो आमच्या यंत्रातल्या दिव्यातून येईपर्यंत मान टाकतो. इंग्लंडमध्ये एक मोठं वर्तुळाकार यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात आणि वळणावर त्यांच्यातून हवा तसा झगझगीत प्रकाश बाहेर पडतो. आमच्या सरांना तिथे दोन दिवस मिळाले होते. ते गुरुवारी रात्री निघणार होते. बुधवारपर्यंत मी त्यांच्या हातात नमुना द्यायचा. “हे जमलं तर पुढच्या वेळी तूच जा,” असं ते म्हणाले होते. हे वाक्य मी येताना गाडीत किती वेळा मनात म्हटलं असेल, ते सांगत नाही.

नेहमीच्या तुतीच्या रेशमाऐवजी कोसा, म्हणजे रानातलं टसर रेशीम का, तर कोशाच्या अळ्यांच्या रेशीमग्रंथी चांगल्या मोठ्या असतात, आणि कोसा होतो भंडारा जिल्ह्यात. तिथे बाबांचे जुने मित्र दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतात. एकसारखी पिवळी घरं, भोंग्याबरोबर सुटणाऱ्या बस, आणि कुठे काय बनतं ते न विचारण्याची सगळ्यांची सवय. ही सवय मला फार आवडली. काकूंनी फ्रीजमधले बर्फाचे सगळे साचे माझ्यासाठी मोकळे केले. मागच्या व्हरांड्यातलं टेबलही पुसून ठेवलं, कारण अळ्या आणल्यावर मी तिथेच काम उरकणार होते. काम म्हणजे कापणं. काकूंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मोहाडीच्या पुढे, रविवार

मोहाडीला बस बदलली. बाजाराचा दिवस असावा. बसमध्ये शिंगाड्यांची दोन पोती, एक बकरी आणि माझा थर्मास यांना मिळून एक बाक. दोन्ही बाजूंना धान पिवळं व्हायला लागलेलं, मध्येच तळं, मग पुन्हा धान. फाट्यावर गुरुजी सायकल घेऊन उभे होते. ते बाबांच्या मित्राच्या ओळखीचे, गावच्या शाळेत शिक्षक. जाड चष्मा, पांढराशुभ्र शर्ट, आणि बोलण्याची अपार आवड. माझ्यासारख्या अबोल बाईच्या वाट्याला असा माणूस यावा हे बरं. पण त्याचाच पुढे घोळ झाला.

डोमाजींशी झालेलं बोलणं मी वर लिहिलंच आहे. ऐनाची झाडं तिथूनच सुरू होत होती. प्रत्येक खोडाभोवती राखेचं कडं, मुंग्या चढू नयेत म्हणून. वाटेवर आडवा बांबू बांधलेला. त्याच्या पलीकडे अळ्या झाडावर असेपर्यंत बायका जात नाहीत. मीही जायचं नव्हतं. डोमाजींच्या घरच्यांनी मासोळी, मटण, दारू सगळं सोडलेलं. पुरुष तिथेच झोपडीत झोपतात.

“हे सगळं खरंच लागतं?” मी परतताना गुरुजींना विचारलं. माझं त्या दिवसातलं सगळ्यात लांब वाक्य.

“आमी छप्पन सालापासून देवधर्म सोडला, म्याडम. मी काई मानत नाई. पण त्यायच्या हद्दीत त्यायचं.” मग थांबून म्हणाले, “आन पीक त्यायचंच चांगलं येते, हे बी खरं.”

“तुम्ही त्यांना पाळायला नेते असं का सांगितलंत?”

“मग काय सांगू? कापाले नेते म्हणून?” ते हसले. “देतेच का थो?”

माझं खोटं फक्त मानेचं होतं, शब्दांचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

अळ्या सोमवारी मिळणार होत्या; तोवर मुक्काम गुरुजींच्या घरी. दुपारी तिथेच जेवण. तांदळाची भाकर, लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि तळ्यातल्या माशांचं तिखटजाळ कालवण. आमच्याकडे मासे समुद्राचे आणि नारळात. हे वेगळंच होतं, लसणाचं, काळपट, बोटांना चिकटणारं. मी दोनदा घेतलं. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, “एवढीशी बाई, पण खाते चांगली.” मला फार बरं वाटलं.

सोमवार

बांबूपाशी डोमाजी आमची वाटच पाहत होते. आम्ही अजून पाच-सहा पावलांवर असताना त्यांनी हात वर केला.

“गुरुजी, काल काय जेवले?”

गुरुजी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अरे बापा,” ते म्हणाले.

“गावभर वास होता.”

“इसरलोच गा मी. माहं ठीक हाय, पण बाईले सांगाले पाह्यजे होतं.”

“बाईची काय चूक. पण आज नाई जमत. आज साधं जेवा, उद्या आंघोळ करून या.”

म्हणजे एक दिवस गेला. माझ्याकडे होतेच तीन. आता मंगळवारी दुपारच्या बसने जवाहरनगर, तिथे व्हरांड्यात काम, आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबई. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मला राग आला, आणि कोणाचा ते कळेना. दोन वाट्या कालवण तर मीच खाल्लं होतं.

गुरुजी शाळेत गेले आणि मला डोमाजींच्या घरी सोडून गेले. पार्बताबाई, डोमाजींच्या पत्नी, अंगणात सूत काढत बसल्या होत्या. मागच्या पिकाचे कोसे राखेच्या पाण्यात उकळून मऊ केलेले, पालथ्या मडक्यावर मांडलेले. सहा-सात कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि मांडीवर तळहाताने वळायचे. त्यासाठी लुगडं वर सरकवलेलं असतं. मी दुसरीकडे पाहू लागले.

“पाह्य ना वो, पाह्य,” त्या म्हणाल्या. “लाजून कसं शिकशील?”

मांडीवरचा तो तळहाताएवढा भाग गुळगुळीत होता, वापरलेल्या पाट्यासारखा. हात एकदा पुढे गेला की धाग्याला पीळ. गती अशी की मला तंतू दिसतच नव्हते, फक्त हात दिसत होता.

“माही सासू डावखुरी होती,” त्या म्हणाल्या. “तिचा पीळ उलटा. तिचं सूत आन माहं सूत एका थानात गेलं का विणकर घरी येऊन शिव्या दे. डोळ्याले दिसत नाई, पण कापड तिरपं जाते.”

मी ताठ बसले. कारण आम्ही इंग्लंडात नेमकं हेच करणार होतो. प्रकाशालाही पीळ देता येतो, डावा आणि उजवा. प्रथिन एका पिळाचा प्रकाश जास्त पितं, दुसऱ्याचा कमी. त्या फरकावरून आत वेटोळं आहे की घड्या, ते ओळखता येतं. हे मी त्यांना सांगायला लागले आणि दुसऱ्या वाक्यालाच अडकले. माझं सगळं शास्त्र इंग्रजी शाळेत, इंग्रजीत झालं. घरी मराठी होती, पण ती जेवणाची, सणांची, रागवण्याची. जोडता जोडता लक्षात आलं की काही गोष्टी मला कुठल्याच भाषेत नीट कळलेल्या नाहीत.

“म्हणजे उजेडाले मांडीवर वळता,” पार्बताबाई म्हणाल्या.

“हो. साधारण.”

“आन आतलं पाहता.”

“हो.”

“बरं हाय.” त्यांनी नवीन कोसा घेतला.

मडक्याजवळ उकळलेल्या कोशांतून काढलेले कोषकिडे पडले होते, तपकिरी, गप्प. मी विचारलं, “आतली उकळताना मरते ना?”

“मरते.”

“वाईट वाटत नाही?”

“वाटते ना. पण तिचं झालं असते, पोरी. घर बांधून झोपली. अर्ध्यात नाई मोडत आमी कोणाचं. पाला खाणं सोडलं, जागा पाहू लागली, का मंग हात लावत नाई तिले. पाखराले बी लावू देत नाई.” त्यांचा हात थांबला. “तुले त्याच पाह्यजे म्हणते ना? पाला सोडलेल्या?”

मी हो म्हटलं. ग्रंथी तेव्हाच भरलेल्या असतात.

“म्हणूनच तर आमचे हे कालपासून गुमसुम हायेत. कवा दिल्या नाई तशा. पण आमच्या पोरीले भंडाऱ्याले नर्स कराले गुरुजीनंच धावपळ केली. त्याले नाई कसं म्हणतील? म्हणे, तिकडं जाऊन बसतीलच ना झाडावर, कोसा बांधाले. गाव बदललं, एवढंच.”

मी शिंगाडा सोलत होते. त्याचा काटा बोटात घुसला आणि मी तो तसाच राहू दिला.

दुपारभर बनातून पुरुषांच्या हाका ऐकू येत होत्या. एक म्हणे, “सांभाळ!” आणि जरा वेळाने दुसरा, “सांभाळलं!” पुन्हा, पुन्हा. पार्बताबाईंनी सांगितलं: एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांद्या कापून दुसऱ्या झाडावर नेतात. खालचा वर देतो, वरचा घेतो. वरचा “सांभाळलं” म्हणेपर्यंत खालचा फांदी सोडत नाही. खाली पडलेली अळी वाचत नाही.

“खोटं म्हणाचं नाई थे,” त्या म्हणाल्या. “हातात नीट नसली का गप राहाचं. दुसरा धरून असतेच.”

त्या रात्री गुरुजींच्या घरी सगळ्यांनी माझ्यासाठी अंबाडीची भाजी आणि भात खाल्ला. गुरुजींनी तर कांदाही सोडला, कशासाठी ते त्यांनाच माहीत.

मंगळवार

सकाळी बांबूपाशी उभी राहून मी पहिल्यांदा त्या अळ्या नीट पाहिल्या. जवळच्याच फांदीवर होत्या. बोटाहून जाड, कोवळ्या पानाच्या हिरव्या, कडेला चांदीच्या टिकल्यांसारखे ठिपके. प्रबंधांतली चित्रं काळी-पांढरी असतात. मला त्या इतक्या सुंदर असतील हे कोणी सांगितलं नव्हतं.

डोमाजी कावळ्यांवर गोफण चालवत होते. गोफणीत ओल्या मातीचा गोळा. डोक्यावरून गरगर फिरवताना कडेची ओली माती सुटून सरळ रेषेत उडत होती. एक शिंतोडा गुरुजींच्या पांढऱ्या शर्टावर आला.

“काका,” मी एकदम म्हणाले, “ते यंत्र असंच आहे.”

डोमाजी थांबले. तीन दिवसांत मी त्यांच्याशी आपणहून बोलले नव्हते.

मी सांगितलं. तिकडे कण असेच गोल फिरवतात. वळताना त्यांच्यातून उजेड असाच सुटतो, सरळ. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. हवासुद्धा तो गिळून टाकते, म्हणून हवा काढलेल्या नळीतून न्यावा लागतो.

“दिसत नाई, हवेत टिकत नाई,” गुरुजी शर्ट झटकत म्हणाले, “मंग थो हाय कायले, म्याडम?”

डोमाजी हसले नाहीत. ते विचार करत होते. “आन त्या उजेडात आमच्या अळीचं काय दिसते?”

“धागा होण्याआधी तो कसा असतो, ते.”

“थे कोणी पाह्यलं नाई आतापर्यंत?”

“या अळीचं, त्या उजेडात, नाही. माझ्या माहितीत तरी नाही.”

त्यांनी मान डोलावली. आणि त्या क्षणी मला ते फार, फार पाहायचं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मला संशोधनाचा वीट आला होता. तसं नव्हतं. इंग्लंडला जायचं होतंच, पण ते तिथे उभी असताना आठवलंही नाही. ते हिरवं जनावर आतमध्ये काय घेऊन बसलं आहे, एवढंच.

सरांच्या प्रयोगशाळेत अळी कापायला कोणाची परवानगी लागत नाही. ती कापणं चूक आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही ठामपणे वाटत नाही. पार्बताबाईंनी मला दाखवेपर्यंत हजारो कोसे उकळले असतील. मग अडत होतं कुठे? मी ते बांबूपाशी उभ्या उभ्या शोधत होते आणि सापडत नव्हतं.

डोमाजी आत गेले ते अर्ध्या तासाने आले. बरोबर पार्बताबाई, त्या बाहेरच्या वाटेने. डोमाजींच्या हातात बांबूची उंच टोपली. आत ऐनाच्या फांद्या उभ्या बांधलेल्या, देठांना ओलं फडकं, वर पातळ लुगड्याचा तुकडा. बारा अळ्या. दोघी-तिघींनी डोकं वर करून हलवायला सुरुवात केली होती, जागा शोधताना करतात तसं.

“बसमंधी मांडीवर घ्याची,” डोमाजी म्हणाले. “धक्का लागू द्याचा नाई. आजच्या आजच झाडावर चढवा. उशीर झाला तं टोपलीतच बसतील, मंग बसू द्या तशाच. हलवू नका.”

माझ्या सरांनीही हेच बजावलं होतं: धक्का लागू देऊ नकोस. पातळ रेशीम हिसक्याने बाटलीतच घट्ट होतं. दोघांचे शब्द जवळजवळ सारखे होते. मला हसू आलं की रडू, तेही सांगता येणार नाही.

“आन एक कार्ड टाकजा,” ते म्हणाले. “किती बसल्या ते. बाराच्या बारा बसल्या तं पाह्य, मंग मी मानलं तुमच्या मुंबईले.”

“पत्ता मी देतो लिहून,” गुरुजी म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. फाट्यावर बस यायला वीस मिनिटं होती आणि फाटा पंधरा मिनिटांवर.

पार्बताबाईंनी माझ्या हातातून थर्मास घेतला, मला दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून. थोडा हलवून पाहिला. आत वितळून उरलेला बर्फ वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डोमाजींनी बांबूवरून टोपली पुढे केली. मी खालून दोन्ही हात लावले. वाटली होती त्यापेक्षा जड होती.

“सांभाळ,” ते म्हणाले.

टोपली आमच्या दोघांच्या हातात होती. ते सोडत नव्हते. त्यांच्या अंगठ्यावर ओली माती होती.

“सांभाळलं म्हणा, म्याडम,” गुरुजी हळूच म्हणाले. “थे म्हणा लागते.”

मी तोंड उघडलं. शाळेत बाई उभं करून प्रश्न विचारत, तेव्हा व्हायचं तसं सगळं पांढरं झालं. मान हलवली असती तर चाललं असतं का? मला वाटतं, चाललं असतं. डोमाजींनी घाई केली नाही. टोपलीतली एक अळी फांदीच्या टोकाशी आली होती आणि दोन पानं एकमेकांना जवळ ओढत होती.

“म्हणा ना,” गुरुजी म्हणाले. “बस जाईल.”

“नाही, काका,” मी म्हणाले. “आमच्याकडे ऐन नाही. मी यांना आजच कापणार आहे.”